घटक ४ : मितभाषी व्यक्ती आणि कार्यालयीन संवाद

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला –
• 'अंतर्मुख', 'मितभाषी', 'मुखदुर्बळ' आणि 'भिडस्त' या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• कार्यालयातील मौनाला कोणकोणते अर्थ चिकटतात, हे सांगता येईल.
• बैठकीत बोलण्याची पाळी कशी ठरते, हे समजून घेऊन आपला मुद्दा मांडण्याची पूर्वतयारी करता येईल.
• स्वतःच्या कामाची तोंडी व लेखी नोंद करताना योग्य मराठी वाक्यरचना वापरता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यात आहे, कोणी बँकेत, कोणी ग्रामपंचायतीत, कोणी लासलगावच्या बाजार समितीत, तर कोणी शाळेत. संपर्क सत्रांत एक तक्रार वारंवार कानांवर येते : "काम मी करतो, पण बैठकीत मला बोलता येत नाही. मग नाव दुसऱ्याचे होते." या तक्रारीवर सहसा मिळणारा सल्ला एकच असतो – 'जरा बोलायला शिका.'

हा सल्ला अपुरा आहे. त्यात बोलण्याचे प्रमाण आणि बोलण्याची परिणामकारकता यांची गल्लत झालेली आहे. शिवाय स्वभाव हा जणू दोष आहे, असे त्यात गृहीत धरलेले आहे. प्रस्तुत घटकात आपण या प्रश्नाकडे भाषाव्यवहाराचा प्रश्न म्हणून पाहणार आहोत. घटकाचे मध्यवर्ती प्रतिपादन असे : मौनाला स्वतःचा ठरलेला अर्थ नसतो, तो अर्थ ऐकणारा लावतो. म्हणून मितभाषी व्यक्तीने बोलण्याचे प्रमाण वाढवण्यापेक्षा आपल्या मौनाचा अर्थ आपणच सांगण्याची सवय लावून घेणे अधिक आवश्यक आहे.

४.३ विषय विवेचन

४.३.१ न बोलणाऱ्यांसाठी मराठीतील शब्द

कमी बोलणाऱ्या माणसासाठी मराठीत किती शब्द आहेत, याची नोंद करून पाहा. अबोल, मितभाषी, अंतर्मुख, लाजाळू, बुजरा, मुखदुर्बळ, भिडस्त, घुमा, एकलकोंडा, आतल्या गाठीचा, शिष्ट. हे शब्द वरवर एकाच वर्तनाचे वर्णन करतात. परंतु त्यांतील मूल्यभाव अगदी भिन्न आहे. 'मितभाषी' हा गौरवाचा शब्द आहे; मोजके बोलणे ही त्या व्यक्तीची निवड आहे, असे तो सुचवतो. 'मुखदुर्बळ' या शब्दात उणीव दाखवलेली आहे. बोलायचे असूनही बोलता न येणे, असा त्याचा रोख आहे. 'घुमा' आणि 'आतल्या गाठीचा' या शब्दांत संशय आहे. 'शिष्ट' या शब्दात तर सरळ आरोप आहे.

'अंतर्मुख' ही संज्ञा आज मानसशास्त्रातून व्यवहारात आली आहे. स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यक्तिमत्त्वप्रकारांवरील ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन वृत्तींची मांडणी केली. अंतर्मुख व्यक्तीचे लक्ष स्वाभाविकपणे आतील विचारांकडे वळते. ती लाजते किंवा घाबरते, असा याचा अर्थ नाही. लाजाळूपणात लोक काय म्हणतील, याचे भय असते. भिडस्तपणात समोरच्याला नकार देता येत नाही. 'भीड भिकेची बहीण' ही म्हण या भिडस्तपणाविषयी आहे, अंतर्मुखतेविषयी नाही. हा भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे, कारण उपाय त्यानुसार बदलतात. अंतर्मुख व्यक्तीला विचारासाठी अवधी लागतो, लाजाळू व्यक्तीला धीर लागतो आणि भिडस्त व्यक्तीला नकाराची भाषा लागते.

आणखी एक प्रकार आपल्या जिल्ह्यात विशेष लक्षात घ्यावा लागतो. बागलाण, मालेगाव, कळवण, देवळा या भागांत अनेकांची घरची भाषा अहिराणी आहे. सुरगाणा आणि पेठ या तालुक्यांत कोकणा बोलली जाते. आपल्या उच्चाराला कोणी हसेल, या धास्तीने कार्यालयात तोंड न उघडणारा कर्मचारी गावी गेल्यावर पारावर मनसोक्त बोलत असतो. त्याचे कार्यालयातील मौन हा त्याचा स्वभाव नव्हे. ते त्याच्यावर लादले गेलेले आहे. अशा व्यक्तीला 'अंतर्मुख' म्हणणे म्हणजे सामाजिक अन्यायाला स्वभावाचे नाव देणे होय. भाषाशास्त्राच्या दृष्टीने कोणतीही बोली अशुद्ध नसते. प्रमाणभाषा ही एका विशिष्ट व्यवहारासाठी स्वीकारलेली भाषा आहे, एवढेच तिचे वेगळेपण.

४.३.२ मौनाचा अर्थ

आपल्या परंपरेत मौनाविषयी दोन वचने प्रचलित आहेत. एक सांगते की मौनाने सर्व कार्ये साधतात; दुसरे सांगते की मौन हे संमतीचे लक्षण आहे. पहिले वचन मौन पाळणाऱ्याला उपयोगी पडते, तर दुसरे त्याच्या समोर बसलेल्याला. कार्यालयात बहुधा दुसऱ्या वचनाचाच अंमल चालतो. मराठीतील वाक्प्रचारही न बोलणाऱ्याला फारसे अनुकूल नाहीत. 'मूग गिळून बसणे', 'मिठाची गुळणी धरणे' या वाक्प्रचारांत बोलायला हवे होते तेथे बोलला नाही, असा ठपका आहे. उलट 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण बडबड्यावर टीका करते. भाषेने दोन्ही बाजू नोंदवलेल्या आहेत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कारखान्यात तपासणी विभागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला एका सुट्या भागाच्या मापात शंका येते. बैठकीत व्यवस्थापक विचारतात, "कोणाची काही हरकत?" तो मनात आकडे पडताळून पाहत असतो, त्यामुळे गप्प राहतो. इतिवृत्तात नोंद होते : 'सर्वानुमते मान्य.' पुढे माल परत आला, तर 'तुम्ही तेव्हाच का बोलला नाहीत?' हा प्रश्न त्यालाच विचारला जाईल. येथे त्याचे मौन विचाराचे होते. नोंद मात्र संमतीची झाली. त्याने एवढेच म्हटले असते – "सर, मापाबद्दल मला एक शंका आहे. तपासून चार वाजेपर्यंत लेखी कळवतो" – तर मौनाचा अर्थ त्याच्या हाती राहिला असता. दोन छोटी वाक्ये पुरेशी होती.

भाषेचे तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात संभाषणाची काही तत्त्वे मांडली. त्यांतील एक तत्त्व परिमाणाचे आहे : प्रसंगाला आवश्यक तेवढी माहिती द्यावी, गरजेपेक्षा अधिक देऊ नये. या तत्त्वाचा पहिला भाग आपण विसरतो. जास्त बोलणारा जसा तत्त्वभंग करतो, तसाच आवश्यक माहिती न देणाराही करतो. म्हणून मितभाषी असणे आणि अपुरे बोलणे यांत फरक केला पाहिजे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) 'मितभाषी' आणि 'मुखदुर्बळ' यांतील मूल्यभावाचा फरक एका वाक्यात सांगा.
(आ) वरील उदाहरणातील कर्मचाऱ्याच्या मौनाचा कोणता अर्थ लावला गेला?

४.३.३ बोलण्याची पाळी कशी ठरते?

संभाषणात कोणी केव्हा बोलायचे, हे कसे ठरते? हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या अभ्यासकांनी १९७४ मध्ये 'लँग्वेज' या नियतकालिकात याची व्यवस्था मांडली. तिचा सारांश असा : बोलणारी व्यक्ती पुढच्या वक्त्याची निवड करू शकते, तिने तशी निवड केली नाही, तर जो प्रथम बोलू लागेल त्याला पाळी मिळते, कोणीच बोलले नाही, तर आधीची व्यक्तीच बोलत राहू शकते. पुढे २००९ मध्ये जगातील दहा भाषांतील प्रश्नोत्तरांचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांतील अंतर सरासरीने सेकंदाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतके आढळले.

यावरून मितभाषी व्यक्तीची अडचण नेमकी कोठे आहे, ते दिसते. 'जो प्रथम बोलेल त्याची पाळी' या नियमात विचार करून बोलणारा मागे पडतो. त्याचा मुद्दा तयार होईपर्यंत चर्चा पुढच्या विषयावर गेलेली असते. ही बुद्धीची किंवा आत्मविश्वासाची उणीव नव्हे. तो वेळेचा प्रश्न आहे.

उपायही याच व्यवस्थेत आहे. पाळी दुसऱ्या मार्गानेही मिळते : अध्यक्षांनी नाव घेतल्यावर. म्हणून बैठकीपूर्वीच विषयपत्रिका मागून घ्यावी आणि ज्या विषयावर बोलायचे असेल, त्याची कल्पना अध्यक्षांना द्यावी. "मॅडम, तिसऱ्या विषयावर मला दोन मिनिटे हवी आहेत", असे आदल्या दिवशी सांगितले, तर बैठकीत घाईने शब्द पकडण्याची गरज उरत नाही.

ठरलेल्या पाळीचे महत्त्व जी. ए. कुलकर्णी यांच्या उदाहरणावरून समजते. १९२३ मध्ये बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या या श्रेष्ठ कथाकाराने धारवाडला अनेक वर्षे महाविद्यालयात इंग्रजी शिकवले. सभासमारंभ आणि सत्कार ते कटाक्षाने टाळत. समारंभ टाळणाऱ्या माणसाने आयुष्यभर अध्यापन करावे, हे अनेकांना विसंगत वाटते. संभाषणव्यवस्थेच्या दृष्टीने त्यात विसंगती नाही. वर्गात शिक्षकाची पाळी भूमिकेनेच ठरलेली असते. विषय आधी ज्ञात असतो. तयारीला अवधी मिळतो. समारंभातील गप्पांत यांपैकी काहीही नसते. त्यांचा स्नेह्यांशी असलेला पत्रव्यवहार मात्र विपुल होता, आणि त्या पत्रांचे खंड पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

४.३.४ लेखी वाट : न्या. महादेव गोविंद रानडे

पत्राच्या वाटेने सार्वजनिक काम कसे उभे राहते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. न्या. रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. लहानपणी ते अबोल आणि संथ समजले जात. त्यांच्यावर आजची मानसशास्त्रीय चिठ्ठी डकवण्याचे कारण नाही. पुढील आयुष्यात त्यांनी अनेक जाहीर व्याख्यानेही दिली. आपल्याला पाहायची आहे ती त्यांची कार्यपद्धती.

रानडे सरकारी न्यायखात्यात नोकरीला होते. त्यामुळे राजकीय व्यासपीठावर उघडपणे उभे राहण्यास मर्यादा होत्या. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेला त्यांनी मार्गदर्शन केले ते प्रामुख्याने लेखणीने. सभेची निवेदने आणि अर्ज यांच्यामागे त्यांचा अभ्यास असे. सभेचे त्रैमासिक १८७८ मध्ये सुरू झाले. त्यातील बरेचसे लेखन रानडे यांचे होते. त्याच वर्षी त्यांची बदली नाशिकला आणि पुढच्या वर्षी धुळ्याला झाली. बदल्यांमुळे ते पुण्याच्या सभागृहापासून दूर गेले. लिहिण्याचे काम मात्र थांबले नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनीही निवेदने तयार करण्याचे शिक्षण रानडे यांच्याच हाताखाली घेतले. १८९३ मध्ये रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

यातून तुम्ही काय घ्यावे? सभेत झालेले बोलणे सभेबरोबर संपते. टिपणी मात्र नस्तीत राहते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा आहे आणि शासकीय कार्यालयांतील टिपणीलेखन मराठीतून चालते. मराठीचे विद्यार्थी म्हणून येथे तुमची बाजू बळकट आहे. बैठकीच्या आदल्या दिवशी अर्ध्या पानाचे टिपण पाठवावे. त्यात विषय, वस्तुस्थिती, अडचण आणि प्रस्ताव हे चार भाग असावेत. बैठकीत मग "टिपणातील तिसरा मुद्दा पाहावा" एवढे एक वाक्य पुरते.

४.३.५ तयारीने बोलणे : रमाबाई रानडे

लेखी वाट सर्वत्र पुरत नाही. काही प्रसंगी उभे राहून बोलावेच लागते. याचेही उदाहरण नाशिकचेच आहे. रमाबाईंचा विवाह १८७३ मध्ये, त्यांच्या वयाच्या अकराव्या वर्षी झाला. लग्नानंतर त्या रानडे यांच्या प्रोत्साहनाने लिहावाचायला शिकल्या; घरातील स्त्रियांचा त्याला विरोध होता. नाशिकच्या वास्तव्यात तेथील हायस्कुलातील समारंभात त्यांना प्रथमच जाहीरपणे बोलण्याचा प्रसंग आला. ते पहिले भाषण रानडे यांनी त्यांना लिहून दिले होते. पुढे याच रमाबाई स्वतःच्या भाषेत सभा जिंकू लागल्या. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनाचे काम त्यांनी उभे केले आणि मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी व स्त्रियांच्या मताधिकारासाठी आवाज उठवला.

पहिले भाषण कागदावर लिहिलेले असणे यात कमीपणा नाही, हा यातील बोध. उत्स्फूर्त बोलणे हेच खरे बोलणे, ही समजूत चुकीची आहे. बैठकीला जाताना पहिले वाक्य आणि शेवटचे वाक्य लिहून न्यावे. मधले मुद्दे केवळ शब्दांत टिपलेले असावेत. पहिले वाक्य हाती असले की सुरुवातीची अडखळ टळते. शेवटचे वाक्य हाती असले की बोलणे भरकटत नाही.

४.३.६ श्रेय आणि कर्ता

मितभाषी कर्मचाऱ्याचे श्रेय हरवते, त्याला वाक्यरचनाही काही अंशी कारणीभूत असते. पुढील दोन वाक्ये पाहा.

(१) मासिक अहवाल तयार करण्यात आला.
(२) मी मासिक अहवाल तयार केला. साठ्याचे आकडे शिंदेताईंनी दिले.

पारंपरिक व्याकरणानुसार दुसऱ्या वाक्यातील 'मी अहवाल तयार केला' हाही कर्मणी प्रयोगच आहे. क्रियापद कर्मानुसार चालते. तेव्हा फरक प्रयोगात शोधू नये. फरक आहे तो कर्त्याच्या उपस्थितीत. पहिल्या वाक्यात कर्ता नाहीसा झाला आहे. संकोची व्यक्ती अशा रचनेच्या आड लपते आणि मग आपल्या कामाची दखल कोणी घेत नाही, याचे दुःख करते. दुसऱ्या वाक्यात आत्मप्रौढी नाही. त्यात सहकाऱ्याचा वाटाही नोंदवला आहे. वस्तुस्थितीचे कथन आणि बढाई यांतील सीमारेषा येथे स्पष्ट दिसते.

मतभेद व्यक्त करण्यासाठीही मराठीत एक सोय आहे. 'आम्ही' या सर्वनामातून ऐकणारा वगळला जातो. 'आपण' यात तो सामावला जातो. "तुमचा हिशेब चुकला आहे" या वाक्याऐवजी "आपण हा हिशेब पुन्हा एकदा पाहावा का?" असे म्हटल्यास आक्षेप पोहोचतो आणि वरिष्ठांचा मानही राहतो. भिडस्त व्यक्तीने नकारासाठीही अशी काही वाक्ये जवळ बाळगावीत : "साहेब, हे काम घेतो, पण मग कालचे काम सोमवारी होईल. कोणते आधी करू?" यात उद्धटपणा नाही, आणि निमूट होकारही नाही.

४.३.७ जबाबदारी कोणाची?

येथपर्यंतचे विवेचन वाचून सर्व भार मितभाषी व्यक्तीवरच आहे, असा समज होऊ देऊ नका. संवाद हा दोन बाजूंचा व्यवहार आहे. तुमच्यापैकी काही जण आज पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापक आहेत. इतर पुढे होतील. विषयपत्रिका आधी देणे, निर्णयापूर्वी प्रत्येकाला क्रमाने विचारणे, 'उद्यापर्यंत लेखी मत दिले तरी चालेल' असे सांगणे आणि कोणाच्या बोलीची थट्टा होऊ न देणे ही अध्यक्षांची कर्तव्ये आहेत. मौनाला संमती समजण्यापूर्वी एकदा विचारून घ्यावे. ज्या कार्यालयात केवळ मोठ्याने बोलणाऱ्यांचेच ऐकले जाते, तेथे चांगले मुद्दे कागदावर न येताच घरी जातात. नुकसान त्या कार्यालयाचे होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) बोलण्याची पाळी मिळण्याचे दोन मार्ग कोणते?
(आ) 'फेरमोजणी करण्यात आली' हे वाक्य कर्त्याचा उल्लेख करून पुन्हा लिहा.

४.४ सारांश

अंतर्मुखता, लाजाळूपणा, भिडस्तपणा आणि लादलेले मौन या भिन्न गोष्टी आहेत. मौनाचा अर्थ ऐकणारा लावतो आणि कार्यालयात तो बहुधा संमती किंवा अज्ञान असा लावला जातो. मितभाषी व्यक्ती मागे पडते ती पाळी मिळण्याच्या वेगामुळे. म्हणून पाळी आधी मागून घेणे, टिपण पाठवणे, पहिले वाक्य लिहून नेणे आणि वाक्यात कर्ता ठेवणे हे उपाय उपयोगी ठरतात. यासाठी स्वभाव बदलावा लागत नाही. भाषेची निवड मात्र जाणीवपूर्वक करावी लागते.

४.५ पारिभाषिक शब्द

अंतर्मुख : ज्याचे लक्ष स्वाभाविकपणे आतील विचारांकडे वळते असा.
पाळी : संभाषणात एका व्यक्तीला मिळणारा बोलण्याचा अवसर.
विषयपत्रिका : बैठकीत चर्चेला घ्यावयाच्या विषयांची यादी.
इतिवृत्त : बैठकीतील चर्चा व निर्णय यांची अधिकृत नोंद.
टिपणी : निर्णयासाठी वरिष्ठांपुढे ठेवलेले संक्षिप्त लेखन.
नस्ती : एका विषयाशी संबंधित कागदपत्रांचा संच, फाइल.

४.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) 'मितभाषी' या शब्दात निवडीचा गौरव आहे, तर 'मुखदुर्बळ' या शब्दात उणिवेचा निर्देश आहे. (आ) संमती.
प्रश्न २ : (अ) बोलणाऱ्याने पुढच्या वक्त्याची निवड करणे, आपण प्रथम बोलू लागणे. (आ) मी फेरमोजणी केली.

४.७ सरावासाठी स्वाध्याय

१. 'मौनाचा अर्थ ऐकणारा लावतो' हे विधान स्वतःच्या कार्यालयातील किंवा परिसरातील उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करा.
२. न्या. रानडे आणि रमाबाई रानडे यांच्या उदाहरणांतून दिसणाऱ्या दोन संवादपद्धतींची तुलना करा.
३. क्षेत्रीय कार्य : तुम्ही उपस्थित असलेल्या एका बैठकीचे निरीक्षण करा. कोण किती वेळा बोलले, त्यांना पाळी कशी मिळाली आणि कोण एकदाही बोलले नाही, याची नोंद करा. कोणाचेही नाव लिहू नका. जे बोलले नाहीत त्यांपैकी एकाला नंतर त्याचे मत विचारा आणि ते मत बैठकीत आले असते तर निर्णयात काय फरक पडला असता, यावर पंधरा ओळी लिहा.